येसवाल्यांची पंचाईत

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की गेली चाळीस वर्षं मी येस नावाच्या इंग्लिश बँडच्या नादी लागलेय, आणि मग जी काही पत्रं आली ती वाचून कळेना की अभिनंदन आहे की सांत्वन. निम्मी "अहो ताई आम्हीपण!" अशी आणि निम्मी "ताई, तुम्हीसुद्धा?" अशी. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: १९६८, लंडन, गायक जॉन अँडरसन आणि बास गिटार वाजवणारा ख्रिस स्क्वायर यांनी बँड काढला, तीन मिनिटांच्या गाण्यावर यांचं पोट भरेना म्हणून दहा मिनिटांची, मग अठरा मिनिटांची, मग वीस मिनिटांची गाणी केली, अंगावर चकाकणारे झगे घातले, आणि तेव्हापासून जगात दोन तट आहेत, एक जीव टाकणाऱ्यांचा आणि एक कानात बोळे घालणाऱ्यांचा. मधे कोणी नाही. आता पत्रं.

ताई, लग्नाला बावीस वर्षं झाली, नवरा गाडीत बसला की येस लावतो. मुलं हेडफोन घालतात, मी खिडकीबाहेर बघत बसते. त्या गायकाचा आवाज मला खरंच सहन होत नाही हो. माझ्यात काही कमी आहे का? — वैतागलेली सहप्रवासी

अजिबात नाही. अँडरसनचा आवाज हा या बँडचा उंबरठाच आहे, अर्धे लोक तिथेच ठेचकाळतात आणि परत जातात. रॉकच्या गायकाकडून आपण काय धरून चालतो, की जरा खरखर हवी, घाम हवा, थोडा रागबिग हवा, आणि हा माणूस गातो देवळाच्या कळसावर बसल्यासारखा, स्वच्छ आणि उंच आणि कुठेही घाम नाही. लोकांना वाटतं खोटा आवाज काढतो, फॉल्सेटो लावतो, तर तसं नाहीये, तो राहतोच तिथे वर. त्यात स्क्वायर लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये गायलेला, त्यामुळे मागचे आवाजही तसेच गोड आणि उंच. ज्याला नाही रुचत त्याला नाही रुचत, यात कोणाचाच दोष नाही.

पण एक करून बघा, गायकाला सोडा आणि फक्त बास ऐका. बहुतेक बँडमध्ये बास म्हणजे घराचा पाया, असतो पण दिसत नाही, आणि स्क्वायरचं उलटं, तो रिकेनबॅकर बास पिकने वाजवायचा, आवाज धारदार ठेवायचा, एकाच वेळी बासच्या आणि गिटारच्या अशा दोन अँपमधून काढायचा, त्यामुळे बास मागे न राहता मधोमध येऊन उभा राहतो. 'राउंडअबाउट' लावा, सुरुवातीची हळुवार गिटार संपू द्या, मग जो तो घुसतो ना, तिथे तुमचा पाय हलला नाही तर खुशाल मला परत पत्र लिहा.

आणि नवऱ्याला माझा निरोप द्या की गाडी ही येस ऐकायची जागाच नाही. यांचं हळू ते अगदी हळू आणि मोठं ते कानठळ्या बसतील असं, त्यामुळे इंजिनाच्या आवाजात हळू भाग बुडतो, हा व्हॉल्यूम वाढवतो, आणि पुढच्या मिनिटाला सगळं कुटुंब दचकतं. बावीस वर्षं तुम्ही येसचा अर्धाच भाग ऐकताय, तोही आरडाओरड्याचा.

मी १९ वर्षांचा. 'जोजो'ज बिझार ॲडव्हेंचर' या जपानी ॲनिमेच्या शेवटी 'राउंडअबाउट' लागतं, तिथून मला येस कळला. बाबांचे मित्र मला "मीमवाला फॅन" म्हणून हसतात. आणि पुढे काय ऐकू? — टू बी कंटिन्यूड

त्यांना हसू दे. २०१२ मध्ये ती मालिका आली, एपिसोड संपता संपता त्या गिटारची सुरुवात ऐकू यायची, चित्र थिजायचं, बाण यायचा, आणि त्याचं मीम झालं, आणि १९७१ चं गाणं अशा पोरांपर्यंत पोचलं ज्यांच्यापर्यंत ते आम्ही म्हाताऱ्यांनी कितीही डोकं आपटून पोचवलं नसतं. यात कमीपणा कसला?

आता माझं सांगते. मी १९८४ मध्ये आत शिरले, 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' ऐकून, तेव्हा ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर होतं आणि मला वाटायचं हा नवा कोरा नाचायचा बँड आहे. भावाच्या मित्राला सांगितलं तर त्याने असा चेहरा केला की जणू मी त्याच्या पूजेत चपला घालून गेले, आणि "खरं येस ऐकायचंय तर हे ऐक" म्हणून एक कॅसेट माझ्यापुढे आपटली. त्यावर 'क्लोज टू द एज' होता. लावलं तर आधी पक्षी, पाणी, मग एकदम पाच जण पाच दिशांना पळत सुटले, मला वाटलं टेप खराब आहे. खरंच! मी टेपरेकॉर्डरचं हेड साफ करायचं स्पिरिट आणि कापूस घेऊन बसले होते. चौथ्या की पाचव्या वेळी कळलं की ते पाचही जण एकाच गावाला निघालेत.

फॅन लोकांत यासाठी नावंसुद्धा आहेत, सत्तरच्या दशकातला येस मानणारे ते ट्रूपर आणि ऐंशीच्या दशकातला मानणारे जनरेटर, दोन्ही नावं बँडच्याच गाण्या-अल्बमवरून घेतलेली. मी जन्माने जनरेटर आणि मनाने ट्रूपर, त्यामुळे दोन्ही घरी माझ्याकडे संशयानेच बघतात.

तुझ्यासाठी: आधी 'फ्रॅजाइल' पूर्ण ऐक, 'राउंडअबाउट' त्यातलंच. मग लगेच 'क्लोज टू द एज', १९७२. तीनच गाणी आहेत त्यात, पहिलं अठरा मिनिटांचं. बडा ख्याल निवांत ऐकणाऱ्या घरांत वाढलेल्या लोकांना अठरा मिनिटं जास्त का वाटतात हे मला आजवर कळलेलं नाही. त्यात एक धून सुरुवातीलाच सांगून ठेवतात, मग ती हरवते, मधे सगळं थांबतं आणि चर्चचा मोठा ऑर्गन घुमतो (खराखुरा आहे, लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला), आणि त्यानंतर ती धून परत येते तेव्हा अंगावर काटा येतो कारण तोवर आपण ती विसरलेलो असतो. हे सगळं सलग वाजवलेलं नाही बरं का, एडी ऑफर्ड या साउंड इंजिनिअरबरोबर स्टुडिओत तुकडे तुकडे रेकॉर्ड करून टेप कापून चिकटवलीय, दमून ड्रमर बिल ब्रुफर्ड रेकॉर्डिंग संपताच बँड सोडून किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये गेला. त्याच्या जागी आलेल्या ॲलन व्हाइटला टूरच्या आधी जेमतेम काही दिवस मिळाले हे सगळं पाठ करायला. त्याने केलं, आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तिथेच राहिला.

'टोपोग्राफिक ओशन्स' या अल्बमला इतक्यात हात लावू नकोस. का ते खाली.

ऐकलंय की येसचा एक अख्खा डबल अल्बम आपल्या शास्त्रांवर आहे. खरं का? मग आपल्याला तो जास्त कळायला हवा ना? — जिज्ञासू

खरं आहे, हाच तो 'टोपोग्राफिक ओशन्स', आणि तळटिपेवरून झालाय! मार्च १९७३ मध्ये ब्रुफर्डच्या लग्नात जॉन अँडरसनची गाठ किंग क्रिमसनच्या जेमी म्यूरशी पडली, त्याने परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाच म्हणून सांगितलं, अँडरसनने वाचलं, आणि त्यातली एक लांबलचक तळटीप त्याच्या डोक्यात बसली, शास्त्रांचे चार भाग, श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र. चार भाग म्हणजे एलपीच्या चार बाजू, प्रत्येक बाजूला एक गाणं, झालं. गिटारवाल्या स्टीव्ह हावला बरोबर घेऊन त्याने हॉटेलच्या खोल्यांमध्ये मेणबत्त्या लावून आराखडा केला. उरलेल्या तिघांना विचारलं असतं तर बरं झालं असतं असं माझं आपलं मत.

आता तुमचा प्रश्न, जास्त कळेल का. नाही हो. त्यात वेद शोधायला जाल तर हाती भोपळा. एका लँकेशायरच्या मुलाने तळटीप वाचली आणि तो भारावला, एवढाच संबंध आहे, आणि मला तो पुरेसा वाटतो, आपल्याकडेही लोक यापेक्षा कमी वाचून जास्त भारावतात.

रेकॉर्डिंगचे किस्से तर विचारू नका. अँडरसनला रानात जाऊन रेकॉर्डिंग करायचं होतं, बाकीच्यांना लंडन सोडायचं नव्हतं, मग त्याची समजूत काढायला म्हणा किंवा टिंगल करायला म्हणा, मॉर्गन स्टुडिओत गवताचे भारे, कुंपण आणि पुठ्ठ्याची गाय आणून ठेवली. शेजारच्या खोलीत ब्लॅक सबाथ या बँडवाले रेकॉर्डिंग करत होते आणि आपला कीबोर्डवाला रिक वेकमन कंटाळून तिकडे जाऊन बसायचा, त्यांच्या एका गाण्यात वाजवलं आणि मोबदला म्हणून बिअर घेतली. पुढे टूरवर मँचेस्टरला तर कहर, हॅमंड ऑर्गनखाली त्याचा मदतनीस पडून असायचा, त्याने विचारलं शो नंतर काय खाणार, वेकमनने सांगितलं विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू, पराठा, आणि त्या पठ्ठ्याने शो चालू असतानाच सगळं मागवून वर दिलं. वेकमनने स्टेजवर बसून खाल्लं. हे तो स्वतःच सांगतो. शास्त्रांवरचा अल्बम चालू आहे आणि कीबोर्डवाला भेंडी खातोय! १९७४ मध्ये त्याने बँड सोडला यात नवल नाही.

पण वेकमनचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटतं. तो म्हणतो की आमच्याकडे एका एलपीला जास्त आणि दोन एलपींना कमी असा माल होता, म्हणून आम्ही पाणी घातलं. सीडीचा जमाना असता तर प्रश्नच नव्हता. म्हणजे बघा, एलपीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं मावतात, एक रेकॉर्ड म्हणजे चाळीस, दोन म्हणजे ऐंशी, मधलं काही चालत नाही. अल्बम ८१ मिनिटांचा आहे आणि माझ्या हिशेबाने त्यात पंचावन्न मिनिटं सोनं आहे. पहिली बाजू सुंदर, चौथी त्याहून सुंदर, दुसरी रेंगाळते, आणि तिसरी, अरे देवा, तिसरी बाजू म्हणजे बाराएक मिनिटं भांडी पडल्यासारखी आणि मग शेवटी स्टीव्ह हाव एकटा क्लासिकल गिटार घेऊन बसतो आणि असं काही वाजवतो की आधीचं सगळं माफ. ते ऐकायला भांडी सोसावी लागतात हीच पंचाईत. (नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर हा अल्बम बरोब्बर मावायचा, एका बाजूला एक रेकॉर्ड. आमच्या वेळी हा त्याचा सगळ्यात मोठा गुण होता.)

टीकाकारांनी तेव्हा धू धू धुतला, आणि ब्रिटनमध्ये तो पहिल्या नंबरावर गेला. दोन-तीन वर्षांनी पंक आलं, आणि "रॉकचं काय वाटोळं झालंय" हे दाखवायला लोकांना हाच अल्बम हाताशी सापडायला लागला. चूक नाही म्हणणार मी. पण माझा तो आहे, आणि घरातल्या वेंधळ्या माणसावर घरच्यांनी चिडायचं असतं, बाहेरच्यांनी जरा बेतानेच.

बायका येस ऐकतात यावर माझा विश्वास बसत नाही. — एक जुना श्रोता

बरं. पुढचं पत्र.

अँडरसनच्या शब्दांचा अर्थ काय लागतो? मी इंग्रजी शिकवते, मला एक ओळ धड लागत नाही. — शिक्षिका

लावू नका. तो शब्द कानाने निवडतो, अर्थाने नाही, कुठला स्वर लांबवता येईल, कुठलं व्यंजन तालावर आपटेल हे बघून. तराण्यातल्या "तोम तनन"चा अर्थ आपण विचारतो का? फरक एवढाच की तराणा अर्थ असल्याचं नाटक करत नाही आणि हा पठ्ठ्या करतो. तेवढं त्याच्या खाती मांडून ठेवा.

आमच्या ग्रुपमध्ये कडाक्याचं भांडण झालंय. एकजण म्हणतो १९८३ नंतरचा येस हा येस नाहीच. दुसरा म्हणतो आजच्या बँडमध्ये तर एकही मूळचा माणूस नाही, मग नाव कशाला लावतात. निकाल द्या. — दोघांच्या मधला

मधे का पडलात? बरं, आधी पहिला. १९८० मध्ये अँडरसन आणि मधे परत आलेला वेकमन बँड सोडून गेले, स्क्वायरने त्यांच्या जागी कोणाला घ्यावं, तर बगल्स या पॉप जोडीला, ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स. अल्बम चांगला झाला, 'ड्रामा', पण स्टेजवर अँडरसनचे उंच सूर रोज रात्री लावता लावता हॉर्नची दमछाक झाली, आणि १९८१ मध्ये बँड मोडला. मग स्क्वायर आणि व्हाइट यांनी ट्रेव्हर रेबिन या दक्षिण आफ्रिकेच्या गिटारवाल्याला घेऊन सिनेमा नावाचा वेगळाच बँड काढला, जवळजवळ सगळं तयार झाल्यावर अँडरसनला टेप ऐकवली, तो येऊन गायला, आणि मग सगळे म्हणाले की आता हा गातोय म्हटल्यावर हे येसच की. प्रोड्यूसर कोण? तोच हॉर्न! अल्बमला नाव सुचेना म्हणून कॅटलॉग नंबरच दिला, '९०१२५', साल १९८३, 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' त्यातलंच.

आता तुमच्या मित्राला हा हिशेब करायला सांगा. १९६८ चे मूळचे पाच: अँडरसन, स्क्वायर, पीटर बँक्स, टोनी के, ब्रुफर्ड. ज्या 'टोपोग्राफिक'वर ट्रूपर लोक जीव टाकतात त्यात यातले किती? दोन. आणि '९०१२५' मध्ये? अँडरसन, स्क्वायर आणि परत आलेला टोनी के, तीन. म्हणजे मूळच्या माणसांवरच ठरवायचं तर नाचायचा अल्बम जास्त अस्सल निघतो. भावाच्या मित्राला हे मी बरीच वर्षं उशिरा सांगितलं, तो अजून बोलत नाही माझ्याशी.

दुसऱ्याचं म्हणणं मात्र मला टोचतं. १९९१ चा 'युनियन' आठवा, येसवाल्यांचे दोन भांडणारे गट एका अल्बमवर कोंबले, आठ जण, आणि बाहेरचे वादक आणून जागा भरल्या, वेकमन त्याला 'अनियन' म्हणतो कारण ऐकून डोळ्यात पाणी येतं. तरी त्या सगळ्यात एक माणूस खुंटा रोवून उभा असायचा, स्क्वायर. तो जून २०१५ मध्ये गेला तोपर्यंतच्या येसच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर त्याचा बास आहे. त्यानेच बिली शेरवुडला आपल्या जागी उभं राहायला सांगितलं. मग २०२२ मध्ये व्हाइट गेला. आता उरलाय हाव, तो १९७० मध्ये आलेला, म्हणजे संस्थापक नाही पण तसा बघायला गेलं तर आजोबाच. गायक जॉन डेव्हिसन आवाजाने इतका अँडरसनसारखा की डोळे मिटले तर क्षणभर फसायला होतं, आणि तिकडे खरा अँडरसन वेगळ्याच मुलांना घेऊन तीच गाणी गात फिरतोय.

माझा निकाल हवा असेल तर: घराणं म्हणा आणि सोडून द्या. गुरू गेला म्हणून किराणा बंद पडलं नाही. पण घराण्यात नवीन चीजही चांगली निघावी लागते, आणि गेल्या काही वर्षांतले नवे अल्बम मी एकदा ऐकते, सभ्यपणे, आणि परत १९७७ च्या 'अवेकन' या गाण्याकडे जाते. त्यातला ऑर्गन स्वित्झर्लंडमध्ये एका गावच्या चर्चमध्ये वाजतोय आणि बाकी बँड दुसऱ्या गावच्या स्टुडिओत, मधे टेलिफोनची लाइन. इतका आटापिटा आता कोणी करत नाही, आणि मला तोच आटापिटा आवडायचा.

अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये यांना २०१७ मध्ये घेतलं तेव्हा रश या बँडचा बासवाला गेडी ली स्क्वायरच्या जागी 'राउंडअबाउट' वाजवायला उभा राहिला, आणि 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट'ला बास कोणी घेतला, तर हावने, म्हणजे ज्या गाण्यात त्याची गिटार नाही त्या गाण्यात तो रेबिनच्या शेजारी उभा राहून मुकाट्याने बास वाजवतोय. ग्रुपला तो व्हिडिओ दाखवा. त्यांचं मिटतं तर तुमचं मिटायला काय हरकत आहे.

ताई, बाबा तीन महिन्यांपूर्वी गेले. जन्मभर येस ऐकला त्यांनी. मला तो कधीच आवडला नाही, त्यावरून आमची भांडणंही झाली. आता सगळ्या एलपी माझ्याकडे आहेत. विकून टाकाव्यात तर हात होत नाही, ऐकाव्यात तर ऐकवत नाहीत. — त्यांची मुलगी

विकायची घाई करू नकोस ग, आणि ऐकायचीही. सध्या एवढंच कर, आडव्या रचून ठेवल्या असतील तर उभ्या कर, नाहीतर वजनाने वाकतात. रॉजर डीनची चित्रं आहेत कव्हरवर, हवेत तरंगणारे खडक, पाण्याशिवाय पोहणारे मासे, ती नुसती बघितली तरी चालतील.

आणि कधीतरी मन झालं तर एकेक रेकॉर्ड बाहेर काढ, कडेला धरून, आणि उजेडात तिरकी कर. खूप वाजलेली बाजू करडी, मंद दिसते, न वाजलेली काळीभोर चमकते. बाबा कुठे परत परत जायचे ते तुला सुई न टेकवता दिसेल. 'टोपोग्राफिक'ची दुसरी रेकॉर्ड काढ, तिची पहिली बाजू, म्हणजे अल्बमची तिसरी, ती भांड्यांवाली. ती बहुतेक सगळ्यांच्या घरी नवी कोरी असते. तुमच्याकडची झिजलेली निघाली, आणि झीज आतल्या कडेला, लेबलजवळ जास्त असली, तर ते त्या गिटारसाठी सुई उचलून थेट तिथे ठेवायचे. मला कळव.